पुसून काढलेले व्हॉल्व

माझे सासरे शिवप्पा यांना मी सोळा वर्षं मामा म्हणत आले. त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. माझं माहेर निलंग्याचं, म्हणून "ए निलंगा". फार राग आला तर "निलंगा डेपो". "निलंगा डेपो, चहाची गाडी कुठं बंद पडली?" हे ते गल्लीला ऐकू जाईल असं म्हणतात. लातूरच्या आमच्या गल्लीत त्यावर आता कोणी हसतही नाही.

जिवंत माणसाबद्दल असं लिहू नये, हे मला कळतं. पण ते गेल्यावर लिहायला बसले तर मी गोड लिहीन, आणि ते खोटं होईल.

मामा चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. सोळाव्या वर्षी वडिलांशी भांडून नांदेडला पळाले आणि एका उस्तादाच्या हाताखाली रेडिओ दुरुस्ती शिकले. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्वचे. व्हॉल्व म्हणजे बोटाएवढी काचेची नळी. आत पातळ जाळ्या, मधोमध एक तार. वीज दिली की तार तापते, केशरी दिसते, आणि मग आवाज येतो. मामांनी हे काम लातूरला येऊन पंधरा-वीस वर्षं केलं, आणि सगळे सांगतात की फार चांगलं केलं. लोक निलंग्याहून, उदगीरहून, एसटीच्या टपावर रेडिओ बांधून त्यांच्याकडे आणत. मामा आधी त्या माणसाला शिव्या देत, मग रेडिओ उघडत. "रेडिओवर बशी ठेवतो, वरून फुलदाणी, वरून मांजर बसवतो, अन् म्हणतो आवाज येत न्हाई! मांजराला विचार की!" असं.

मग ट्रान्झिस्टर आले. मामा त्यांना मुंगीची अंडी म्हणत. बाकीचे मेकॅनिक टीव्ही शिकले, पुढं मोबाइल शिकले. मामांनी पोटापुरती अंडी दुरुस्त केली, पण शिकले काही नाही. उलट ज्याचे त्याचे जुने व्हॉल्व गोळा करून पत्र्याच्या डब्यांत भरत राहिले. माझे पती संगमेश सातवीत असताना त्यांच्या हातून एक व्हॉल्व फुटला. मामांनी त्यांना चैत्राच्या उन्हात शाळेच्या कपड्यात दोन तास उभं केलं. संगमेश आता पन्नाशीला आलेत, डाळमिलीत सुपरवायझर आहेत, पण बापाशी बोलताना त्यांच्या आवाजात अजून ते ऊन असतं.

आमच्या घराला रस्त्याच्या बाजूला एक शटरची खोली आहे, दहा बाय आठची. तिथं मामांचं टेबल आणि डबे. गिऱ्हाईक कित्येक वर्षांत नाही. मी शिलाईचा क्लास घेते. सहा मुली. त्या स्वयंपाकघरात बसायच्या, एकीच्या पाठीला फ्रीज, दुसरीच्या गुडघ्याला सिलिंडर. फोडणी दिली की मुली खोकायच्या आणि ब्लाउजच्या कापडाला लसणाचा वास लागायचा. दोन मशीन आणखी घेतली तर वीस मुली यायला तयार होत्या. मला ती खोली हवी होती. लपवत नाही. देवापुढे बसले तरी त्या खोलीत मशीन कुठं लावायची याचाच विचार यायचा.

सासूबाई असेपर्यंत मी विषय काढला नाही. शरणम्मा नाव त्यांचं. त्यांनी त्या माणसाबरोबर बावन्न वर्षं काढली, आणि माझ्यासमोर कधी तक्रार केली नाही. त्या गेल्यावर वर्षश्राद्ध होऊ दिलं आणि मग विचारलं.

मामा म्हणाले, "माझी तिरडी बांधशील ना, त्या तिरडीवर मशीन ठेव अन् चालव."

संगमेश तिथंच जेवत होते. हात धुतला आणि म्हणाले, "आप्पा, तुम्ही तिथं करता काय? धूळ सांभाळता."

"अँप्लिफायर करून राहिलो."

"दहा वर्षं ऐकतोय."

"झालाय. व्हॉल्व निवडायचे राहिलेत."

"केवढ्याचा आहे? किती वॉट?"

"तीन."

संगमेश हसले. वाईट हसले. "तीन? गणपतीत आपल्या चौकात वीस हजाराचा लावतात, आप्पा. तीन वॉटात डास तरी उठेल का?"

"डासासाठी न्हाई करत. माणसासाठी करून राहिलो. तुला काय कळायचं, तू डाळीतला खडा."

तेव्हा संगमेशनी अट घातली. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत तो डबा सगळ्यांसमोर नीट वाजवून दाखवायचा. वाजला तर खोली मरेपर्यंत मामांची, कोणी नाव काढणार नाही. नाही वाजला तर व्हॉल्व भंगारात आणि खोली माझी. मामांनी पाटावर हात आपटला. "ठरलं. पण शब्द फिरवलास तर बाप बदल." तो श्रावणातला सोमवार होता. माझा उपास होता. मी मनातल्या मनात महादेवाला जे मागितलं ते चांगलं नव्हतं.

मामांचं निवडणं आषाढातच सुरू झालेलं होतं. नांदेडला खाजामियाँ म्हणून त्यांच्यासोबत शिकलेले एक मेकॅनिक आहेत, आता ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देतात. दोघांचं साठ वर्षांचं भांडण आहे. मामा फोन कानाला लावत नाहीत, कान खराब होतो म्हणतात, त्यामुळे फोनवरचं भांडण आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचं.

"शिवप्पा, ईएल चौऱ्याऐंशी लगा. पाच वॉट देतंय आरामात. शेर है शेर."

"तुझ्या शेराच्या पुढं आणखी एक व्हॉल्व लावावा लागतो. करंट खातो राक्षसासारखा. मला दहा बाय आठच्या खोलीत ऐकायचंय खाजा, उरूस न्हाई भरवायचा."

"फिर क्या लगाता? वही ईसीएल ब्याऐंशी? गरीब का व्हॉल्व!"

"एका काचेत दोन व्हॉल्व हायेत त्याच्या. एक बारीक आवाज उचलतो, दुसरा स्पीकरला ढकलतो. या कानाला एक, त्या कानाला एक. दोन काचात काम खलास. तुला अक्कल असती तर तू पण लावला असतास."

"मेरेकू अक्कल है इसलिए मेरी दुकान चालू है. तेरी बंद."

मग मामा फोन ठेवायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा लावायचे.

तर ईसीएल ब्याऐंशी ठरला. मामांच्या डब्यांत तसल्या घडणीचे एकेचाळीस व्हॉल्व होते. पण त्यात भेसळ होती. तीन जाती बाहेरून अगदी सारख्या दिसतात, नऊ पाय, तीच उंची. आतली तापायची तार मात्र वेगळी. एकीला सहा व्होल्ट लागतात, एकीला सोळा, एकीला पन्नास. कामाची सहावाली. कोणती कुठली हे काचेवर पांढऱ्या बारीक अक्षरांत छापलेलं असतं. शिवाय मामांनी आषाढापासून एकेक व्हॉल्व लावून, तापवून, ऐकून, त्याच्या काचेवर तेलकट पेन्सिलीनं खूण केली होती. कोणाच्या आत हवा शिरलीय, कोण म्हातारा झालाय, कोणाला बोट लावलं की घंटेसारखा वाजतो. सहावाले बारा निघाले होते आणि बारातले दोन एकमेकांना जुळणारे, खणखणीत. त्या दोघांवर मामांनी गोल काढले होते. वही केली नव्हती. वही कशाला, काचेवर लिहिलंय की, असं त्यांचं म्हणणं.

नवरात्रात मामा खाजामियाँकडून ट्रान्सफॉर्मर आणायला नांदेडला गेले. खंडेनवमीला संध्याकाळी येणार होते. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. ज्याचं जे हत्यार. दरवर्षी मामांच्या टेबलाची पूजा सासूबाई करायच्या. मी कधी पाहिली नव्हती, मी स्वयंपाकात असायचे. गेल्या वर्षी त्या गेल्यामुळे सण केलाच नव्हता. यंदा पूजा होती, त्या नव्हत्या. घरातली मोठी बाई मी. म्हणून मी शटर उघडलं.

पक्कड, पेचकस, तार कापायचा चिमटा, माझी शिलाईची कात्री, सगळं धुतलं. मग डबे उघडले. व्हॉल्व धुळीनं माखलेले. काहींवर काळ्या रेघा ओढलेल्या. पितळेची समई मी ओल्या फडक्यावर विभूती घेऊन घासते, फार छान निघते. तसंच केलं. एकेक व्हॉल्व हातात घेऊन पुसला, कोरडा केला, पाटावर रांगेत उभा केला. एकेचाळीस. प्रत्येकाला विभूतीची तीन बोटं आणि समोर झेंडूचं एकेक फूल. उदबत्ती लावली. सकाळच्या उन्हात ते इतके लखलखत होते की मी संगमेशना बोलावून दाखवले. ते म्हणाले, "पहिल्यांदा कामाचे दिसले."

संध्याकाळी मामा आले. पिशवी खाली ठेवली. पाटासमोर उकिडवे बसले. एक व्हॉल्व उचलला, डोळ्याजवळ नेला, फिरवला. दुसरा उचलला. तिसरा. मी मागं तांब्या घेऊन उभी.

"नावं कुठं गेली?"

मला कळलं नाही. "कसली नावं, मामा?"

"काचेवरची." आवाज अजून खालीच होता. "अन् माझं लिहिलेलं?"

"काळ्या रेघा होत्या त्या? मला वाटलं डाग..."

त्यांनी माझ्या हातातला तांब्या उडवला. भिंतीवर जाऊन आदळला. "डाग? चार महिने! चार महिन्यांचे डाग? तुझ्या बापाच्या निलंग्यात पुसतात का असं? आंधळी हायेस का? अक्षरं दिसली न्हाईत?"

अक्षरं दिसली होती. पांढरी, विटलेली. फडक्याखाली ती निघत होती हेही मला दिसत होतं. जुन्या बाटलीवरचं लेबल निघावं तसं वाटलं.

संगमेश धावत आले. मामा त्यांच्याकडे वळले. "तू सांगितलंस हिला. नवरा-बायकोनं ठरवून केलंत. खोलीसाठी केलंत."

"पूजा केली तिनं, आप्पा!"

"शरणी पण करायची पूजा! बावन्न वर्षं! लांबून हळद-कुंकू उडवायची अन् हात जोडायची. काचेला बोट न्हाई लावलं कधी!"

मी मुद्दाम केलं नाही. इष्टलिंग हातात घेऊन सांगायला तयार होते, आणि तसं म्हणालेही. मामा म्हणाले, "देवाला मधे घेऊ नको. खोटं बोलायला एकटी पुरेशी हायेस." गल्लीतल्या बायकांनी पण मला पुढं विचारलं, खरंच चुकून पुसले का गं? हसत विचारायच्या. इतक्यांदा विचारलं की एक दिवस मलाच प्रश्न पडला. ती अक्षरं निघताना माझा हात थांबला का नाही?

पाडव्याला एकवीस दिवस राहिले होते.

पहिले सहा दिवस मामा माझ्या हातचं जेवले नाहीत. कोपऱ्यावरून भजी आणून खात. मग एके दुपारी क्लास चालू असताना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"ए निलंगा. आकडे वाचता येतात का?"

मुली खाली बघून हसायला लागल्या. मी म्हणाले, "दहावी पास आहे मी."

"मराठी शाळेतली दहावी. इंग्रजी आकडे येतात का, ते विचारून राहिलो."

"येतात."

"मग चल. नुसत्या कानानं निवडायला आता दिवस न्हाईत, मीटर लागतं, अन् मोतीबिंदूनं मीटरचे आकडे दिसत न्हाईत. तुझा नवरा येत न्हाई म्हणतो. मेलो तरी तुला बोलावलं नसतं, पण अजून मेलो न्हाई."

मी जावं का? नाही म्हटलं असतं तर खोली माझी होती, काही न करता. पण मग पुसलं ते ठरवूनच पुसलं, हे सिद्ध झालं असतं. मी हातातली टेप मुलीकडे दिली आणि गेले.

पहिलं काम सोपं होतं. मीटरच्या दोन तारा व्हॉल्वच्या चौथ्या-पाचव्या पायाला लावायच्या आणि आकडा वाचायचा. एकाच्या आसपास आला तर सहा व्होल्टवाला, सात-आठ आला तर सोळाचा, सत्तरच्या पुढं गेला तर पन्नासचा. मामा तारा लावायचे, मी वाचायची. "एक पूर्णांक दोन." "डावीकडं." "त्र्याहत्तर." "भंगार. पुढचा." तासाभरात एकेचाळीस वेगळे झाले. कामाचे बारा मोजून निघाले.

"आता या बारातले माझे दोन कोणते?" मामा म्हणाले. "सांग की. तूच आंघोळ घातलीस त्यांना."

मी मीटरच्या तारा गुंडाळल्या.

दुसरं काम लांबलचक होतं. बारातला एकेक व्हॉल्व अँप्लिफायरमध्ये लावायचा, अर्धा तास तापू द्यायचा, टेपरेकॉर्डरवर तबल्याची एक कॅसेट लावायची आणि मीटर वाचायचा. हा आकडा व्हॉल्वमधून किती वीज वाहते त्याचा. सोळावर येऊन थांबला तर तो व्हॉल्व तरुण. दहा-अकरावर अडकला तर संपलेला. सोळावरून सतरा, अठरा असा चढत गेला तर आत हवा शिरलीय, त्याचा भरवसा नाही. आत दोनशे व्होल्ट खेळत असत. मामा डावा हात पाठीमागं बांधल्यासारखा ठेवून एकाच हातानं काम करत. मी एकदा दोन्ही हात टेबलावर टेकले तर माझ्या मनगटावर पेचकसाची मूठ मारली.

"एक हात मागं! दोन हात लावलेस तर वीज छातीतून जाते. मरायचं असलं तर तिकडं स्वयंपाकघरात मर. इथं मेलीस तर म्हणतील सासऱ्यानं मारलं."

रोज दुपारी दोन व्हॉल्व. मुलींना मी शिवण देऊन जायची. मामा मला बसायला सांगायचे नाहीत, मी उभ्यानंच वाचायची.

"किती?"

"दहा."

"थेरडा. पुढचा."

"सोळा... साडेसोळा... सतरा, मामा, चढतोय."

"चढू दे. तुझ्यासारखाच हाय, आधी बरा वाटतो."

चौथ्या दिवशी आठव्या व्हॉल्वला आकडा सोळावर आला आणि तिथंच थांबला. मामांनी पंधरा मिनिटं कॅसेट वाजवली. डोळे मिटून बसले. मग त्याच्या पायांशी लाल दोरा बांधला. एक सापडला होता. उरले चार. त्यातला एक सापडला की अँप्लिफायर पुरा. नाही सापडला तर एकाच कानाचा, आणि त्याला 'नीट वाजला' असं संगमेशनी म्हटलं नसतं.

पाचव्या दिवशीचे दोन्ही थेरडे निघाले. उरले दोन.

सहाव्या दिवशी सकाळी एका मुलीची आई येऊन सांगून गेली, "ताई, स्वयंपाकघरात नको वाटतं हो. पोरीच्या फ्रॉकवर ठिणगी उडाली. खोली घेतली की सांगा, परत पाठवते." मी तिला बरं म्हणाले. सहाच्या पाच झाल्या. मी कुकर लावला आणि दुपारी शटरच्या खोलीत गेले.

अकरावा व्हॉल्व लावला. अर्धा तास तापला. मामांनी कॅसेट चालू केली.

"किती?"

मीटरवर सोळा होतं. मिनिटभर बघितलं. हललं नाही. सोळाच.

"अकरा," मी म्हणाले.

माझ्या गळ्यात इष्टलिंग होतं. सकाळीच त्याची पूजा केली होती. तरी तोंडातून अकरा सरळ बाहेर आलं, अडखळलं नाही. मला स्वतःचीच भीती वाटली.

मामांनी हात लांब केला, व्हॉल्व काढायला. आणि थांबले. कॅसेट चालू होती. डग्ग्यावर थाप पडत होती, गोल, भरलेली, टेबलाच्या लाकडात उतरत होती. त्यांनी मान कलती केली.

"अकरावर डग्गा असा बोलत न्हाई," ते म्हणाले.

"लाइट कमी आलं असेल."

त्यांनी वरच्या बल्बकडं बघितलं. बल्ब रोजच्यासारखाच जळत होता. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, त्या दुधाळ डोळ्यांनी. त्यांना माझा चेहरा किती दिसत होता देव जाणे.

"परत वाच."

मी बघितलं. पाच मुलींची नावं एकेक करून मनात आली. मग डग्गाच ऐकू येत राहिला आणि नावं मागं पडली.

"सोळा."

"मघाशी अकरा व्हतं."

"डोळे चुकले."

"डोळे न्हाई चुकले तुझे." त्यांनी लाल दोऱ्याचं रीळ शोधायला हात फिरवला. ते माझ्या बाजूला होतं. मी सरकवलं नाही, त्यांनीच चाचपून घेतलं. "जा आता. काम झालं. बारावा बघायची गरज न्हाई."

मी वाट बघत राहिले की मामा हे संगमेशना सांगतील. जेवताना, सकाळी, फराळाच्या दिवशी. त्यांच्या हातात मला घरातून उठवायला पुरेल एवढं होतं. पण ते बोलले नाहीत. उलट माझ्या हातचं जेवायला लागले, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. मी ताट वाढायची, ते ताट ओढून घ्यायचे, मी हात मागं घ्यायची.

पाडव्याला सकाळी अभ्यंगस्नानानंतर संगमेश, मी आणि गल्लीतली चार माणसं त्या खोलीत उभी राहिलो. नांदेडहून खाजामियाँ पण आले होते, बोलावलं नसताना, एका हातात मिठाईचा बॉक्स. मामांनी बटण दाबलं. दोन्ही काचा हळूहळू केशरी झाल्या. कॅसेट लागली. या बाजूला तबला, त्या बाजूला डग्गा, आणि मधे जिथं काहीच नव्हतं तिथं एक माणूस बसून वाजवतोय असं झालं. मोठा आवाज नव्हता. रस्त्यावरून रिक्षा गेली तर रिक्षाचा जास्त होता. पण रिक्षा गेल्यावर सगळे टेबलाकडं सरकले.

खाजामियाँ म्हणाले, "ईएल चौऱ्याऐंशी लगाता तो और आता."

"तुझ्या घरी लाव अन् तिथंच ऐक," मामा म्हणाले. "मिठाई ठेवून जा."

संगमेशनी हात जोडल्यासारखं केलं, त्यात आदर नव्हता. "जिंकलात आप्पा. खोली तुमची."

"तुझ्या बोलण्यानं झाली का माझी? आधीपासून माझीच हाय."

संगमेश निघून गेले. लोक गेले. मी थांबले.

"मामा, मी खोटं वाचलं होतं."

"म्हाईत हाय."

"ह्यांना का नाही सांगितलं?"

"त्याला?" मामांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाठ फिरवून हसल्यासारखा आवाज काढला. "तो तुलाच बोलला असता, परत सोळा कशाला वाचलंस म्हणून. बाप हाय मी त्याचा, वळखतो."

 तो प्रश्न संगमेशनी खरंच विचारला असता.

"पण व्हॉल्व तू मुद्दाम पुसलेस," मामा म्हणाले. "ते मी सोडणार न्हाई."

"नाही पुसले."

"पुसलेस."

"नाही!"

कॅसेट संपली. त्यांनी उलटी करून लावली. मी म्हणाले, "कोपऱ्यात एक मशीन बसतं, मामा. तुमच्या टेबलाला हात लावणार नाही."

"आज एक मशीन. संक्रांतीला दुसरं. उन्हाळ्यात माझं टेबल गच्चीवर. बरोबर का न्हाई?"

नाही, असं म्हणता आलं असतं. त्यांनी कदाचित मानलंही असतं, निदान एका मशीनपुरतं.

"होय," मी म्हणाले. "बरोबर."

"मग जा."

दिवाळीची सुट्टी संपल्यावर सोमवारी पाच मुली आल्या. मी कुकर उतरवला, ओटा पुसला, मशीन गॅसच्या बाजूला ओढलं. पुढच्या खोलीतून तबला चालू होता, अगदी हलका, पण सारखा.

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आजोबांना आवाज बारीक करायला सांगू का?"

"जा की. सांगून बघ."

ती दारापर्यंत गेली. आतून मामांचा आवाज आला, "कोण हाय तिकडं?" ती परत येऊन आपल्या जागेवर बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली.